दहा मिनिटांची चेटकीण

गोरक्षनाथ ढाकणे या कंडक्टरचा आवाज शेवगावच्या स्टँडवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. गाडीच्या दारात एक पाय ठेवून त्यानं "अमरापूर, तिसगाव, करंजी, नगऽऽर" अशी हाळी दिली की पार रसवंतीपाशी बसलेला माणूस अर्धा ग्लास तसाच ठेवून पळत सुटायचा. बावीस वर्षं नोकरी झाली होती. तिकिटाच्या पेटीपासून मशीनपर्यंत सगळं त्यानं वापरलं, पण आवाज तोच राहिला.

घरी आला की मात्र हा माणूस मुका. दिवसभराचं बोलणं गाडीतच संपायचं. घरात बोलायचं खातं रुपालीकडे. रुपाली खर्ड्याची. शिलाई मशीनवर बसली की तिचे पाय आणि तोंड एकाच वेळी चालायचे. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, शाळेच्या पोरांचे गणवेश शिवता शिवता ती अख्ख्या गावाची खबर सांगायची आणि गोरक्षनाथ भाकरी मोडत "हं" म्हणायचा. कधी दोनदा "हं" म्हणायचा. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी दोघांनाही यात काही उणं वाटलं नव्हतं. मुलगी उशिरा झाली, कार्तिकी. ती चौथीत होती आणि बोलण्यात आईवर गेली होती.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी रुपाली म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात ओ सकाळपासून." मंगळवारी तिला मशीनचं पायडल दाबेना. बुधवारी हातातून चहाचा कप सुटला तेव्हा ती स्वतःच हसली. गुरुवारी सकाळी अंथरुणातून उठताच येईना आणि पाजलेलं पाणी नाकातून बाहेर आलं, तेव्हा गोरक्षनाथनं शेजाऱ्याची जीप काढायला लावली. ज्या रस्त्यानं तो हजारदा गेला होता, त्याच रस्त्यानं ते नगरला निघाले. करंजीच्या घाटात रुपाली त्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मला श्वास पुरंना." त्यानंतर दोन महिने ती एक शब्दही बोलली नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागदावर एक वायर काढून दाखवली. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच कधी कधी उलटते, म्हणाले, आणि आपल्याच नसांवर तुटून पडते. वायरीवरचं आवरण जातं. वायर असते, पण तिच्यातून काही जात नाही. या आजाराचं नाव जीबीएस.

"बरी हुत्यात का मान्सं यातून?" गोरक्षनाथनं विचारलं.

"बरेचसे होतात. काही नाही होत. वेळ फार लागतो."

रुपालीला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. दहाव्या दिवशी गळ्याला भोक पाडून त्यातून नळी घातली. मानेखालचं काही हलत नव्हतं, तोंड हलत नव्हतं, चेहराही मेणाचा झाला होता. हलत होत्या फक्त पापण्या. आणि डॉक्टरांनी ठासून सांगितलं होतं की आतून ती पूर्ण जागी आहे. तिला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं.

आयसीयूत जायची मुभा दिवसातून दोनदा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. दहा दहा मिनिटं, एकाच माणसानं. गोरक्षनाथ हिरवा गाऊन घालून आत जायचा आणि पलंगाशी उभा राहायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "बरी हुशील तू. काय घाबरायचं न्हाई." रुपालीनं त्याच्याकडे एकटक पाहिलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाला, तिनं तसेच डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कार्तिकी शाळंत जाती. आई हाय तिच्याजवळ." मग शब्दच संपले. पडद्यावरचे आकडे बघत तो उभा राहिला. रुपालीच्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानात गेलं. पुसावं की पुसू नये, तेही त्याला कळेना. दहा मिनिटं मिळत होती आणि सातव्याच मिनिटाला तो बाहेर पडला.

दारात एंजेला सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, भिंगारच्या. त्या म्हणाल्या, "दादा, पळून का येता? बाकीचे नातेवाईक मिनिट वाढवून मागतात. ताईंशी बोला. दिवसभर त्या छत बघत पडलेल्या असतात."

"काय बोलू सिस्टर? खोटं बोलवंना अन् खरं सांगवंना."

एक पापणी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, एवढी खूण सिस्टरांनी रुपालीला आणि त्याला शिकवून ठेवली. पण विचारायला तरी प्रश्न हवा. "दुखतंय का?" विचारलं की एक पापणी. "लई?" एक पापणी. पुढे काय?

पंधराव्या दिवशी तो कपडे घ्यायला शेवगावला जाऊन आला. परत निघताना कार्तिकीनं त्याच्या पिशवीत एक पुस्तक कोंबलं. शाळेच्या वाचनालयाचं, शिक्का मारलेलं. "मम्मीला वाचून दाखवा पप्पा. मम्मीला तिथं बोर होत असंल. माझं निम्मं झालंय, पन तुमी पहिल्यापासनं वाचा."

मुखपृष्ठावर टोकदार टोपी घातलेली एक पोरगी होती. टोपीला ठिगळ आणि हातात किटली.

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर जिन्याखाली एक लांबडी पडवी होती. आयसीयूतल्या माणसांचे नातेवाईक तिथे चटया टाकून राहायचे. दुपारी जेवणं उरकली की तिथे कुणी कुणाशी बोलायचं नाही. वरून हाक आली की प्रत्येकाची मान जिन्याकडे वळायची, आपल्या नावाची नसली की सुटल्यासारखं वाटायचं आणि मग तसं वाटल्याची लाज वाटायची. असल्याच एका दुपारी गोरक्षनाथनं ते पुस्तक उघडलं. दहावीनंतर त्यानं पुस्तक म्हणून काही वाचलं नव्हतं.

चिमुटी नावाची एक छोटी चेटकीण असते. तिच्या मावश्या वादळं आणतात, डोंगर हलवतात. हिला जमते ती फक्त चिमूटभर जादू. अडकलेला खण उघडणं. नासलेलं दूध परत गोड करणं. ढगाळ दिवशी दोरीवरचे कपडे वाळवणं. मावश्या तिला हसतात आणि वर्षभर डोंगराखालच्या गावात राहून काहीतरी शिकून ये म्हणून धाडून देतात. गावाबाहेर रेल्वेची बंद पडलेली केबिन असते, तिथे ती राहते. लोक लहानसहान कामं घेऊन येतात. एकाच्या लोकरीच्या स्वेटरची खाज जात नाही, एका बाईची बरणी उघडत नाही. संध्याकाळी पोरगी केबिनीत परत येते, किटली चुलीवर ठेवते, मोजे काढते आणि बसते. तिथे प्रकरण संपतं. पुढचं प्रकरणही तिथेच संपतं.

पहिलं प्रकरण झालं आणि गोरक्षनाथच्या लक्षात आलं की अर्धा तास गेला होता. त्या अर्ध्या तासात जिन्यावरच्या पावलांकडे त्याचं लक्ष नव्हतं. पंधरा दिवसांत असं पहिल्यांदाच झालं होतं. तो दचकलाच. आपण काहीतरी चोरून खाल्लं असं त्याला वाटलं. मग त्यानं दुसरं प्रकरण वाचलं.

पण वाचण्याआधी शेवटची पानं उघडून पुढे कुणी मरतं का, ते बघून घेतलं. कुणी मरत नव्हतं. एका म्हाताऱ्याला खोकला होता, तो तीन पानांत गेला. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात वाईट गोष्ट घडते ती एवढीच, की चिमुटीची किटली हरवते. त्या गावात संध्याकाळ झाली की नुसती संध्याकाळच व्हायची, दुसरं काही व्हायचं नाही.

"काय वाचतो रे बाबा? गालात हसतो."

शेजारच्या चटईवरची इमामबी विचारत होती. केडगावची म्हातारी. तिचा मुलगा नबीलाल टेम्पो चालवायचा, टेम्पो उलटून डोक्याला मार लागला होता. तो रुपालीपासून दोन पलंग सोडून होता आणि वीस दिवसांत त्यानं डोळे उघडले नव्हते.

गोरक्षनाथनं ओशाळून पुस्तक पालथं घातलं. "पोरीचं हाय. चेटकिनीचं."

"अल्ला! चेटकीन? अन् हसू कसलं येतं?"

"तशी न्हाई ती मावशी. लहान हाय. नासलेलं दूध नीट करती, बरन्या उघडती."

"एवढंच?"

"एवढंच येतं तिला."

इमामबीनं थोडा विचार केला. "मग चांगली हाय की. मलाबी सांग. नाही तरी आपन काय करतो इथं, भीतच तर बसतो."

पुस्तक आत न्यायला परवानगी नव्हती. मग गोरक्षनाथ दुपारी प्रकरण पाठ करायचा, इमामबीला सांगून बघायचा आणि पाचच्या ठोक्याला आत जाऊन रुपालीला सांगायचा. पुस्तकातली भाषा त्याच्या तोंडात बसत नव्हती. सांगता सांगता डोंगराखालचं गाव करंजीच्या घाटाखाली आलं. सूपचं पिठलं झालं. चिमुटी स्टँडवर उतरायला लागली आणि कंडक्टर तिला टोपीचं वेगळं तिकीट लागेल म्हणून अडवायला लागला. पहिल्या दिवशी सांगताना त्याच्या अंगाला घाम फुटला होता. शेजारच्या पलंगाशी उभा असलेला माणूस वळून बघत होता. पन्नास प्रवाशांसमोर न लाजणारा गोरक्षनाथ लाजून लाजून अर्धा झाला. पण त्यानं "उद्या सांगू का पुढचं?" असं विचारल्यावर रुपालीनं एकदा पापणी मिटली. मग थांबून पुन्हा एकदा मिटली. दोन म्हणजे नाही. पण मधलं अंतर बघता दोनदा हो सुद्धा असेल. त्यानं दोनदा हो धरलं.

आठवडाभर असं चाललं. सकाळी अकराला अर्धं प्रकरण, संध्याकाळी पाचला उरलेलं. त्याच्या सगळ्या दिवसाला आता एवढीच दोन टोकं होती. आता दहाव्या मिनिटाला एंजेला सिस्टरांना त्याला दंडाला धरून बाहेर काढावं लागायचं.

मग ताप आला. फुप्फुसात जंतू शिरले होते. एका दिवसात एकशे तीन. औषधं बदलली, ताप हटेना. तरुण डॉक्टर जिन्यात उभे राहून म्हणाले, "आम्ही सगळं करतोय. पण पुढचे तीन-चार दिवस अवघड आहेत. घरच्यांना कल्पना देऊन ठेवा." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यावरूनच गोरक्षनाथला काय ते कळलं. त्यानं खर्ड्याला मेहुण्याला फोन लावला आणि "येऊन जा" एवढंच म्हणाला. मेहुणा फोनवरच रडायला लागला. मग त्यानं आईला फोन केला.

भीमाबाई दुसऱ्या दिवशी आली. कार्तिकीला जावेकडे ठेवून, एका देवऋष्याकडून अंगारा घेऊन आली. घरावर कुण्या बाईची नजर आहे, असं त्यानं तिला सांगितलं होतं. अंगारा सुनेच्या कपाळाला लावायचा होता. सिस्टरांनी नाही म्हणून सांगितलं, मग भीमाबाईनं तो पुरचुंडीत बांधून गोरक्षनाथच्या पिशवीत ठेवायला घेतला. तेव्हा पुस्तक तिच्या हाताला लागलं. तिला वाचता येत नव्हतं, पण टोपी दिसली.

"ही कोन?"

गोरक्षनाथ थकला होता. त्यानं खरं ते सांगितलं. "चेटकीण हाय. लहान पोरांची गोष्ट. रुपालीला सांगतो मी रोज."

भीमाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "माझी सून आत मरायला टेकली अन् तू तिच्या कानात चेटकिनीचं नाव घेतोस? रोज? ताप कवापासनं आला, इचार कर जरा!"

"आई, त्यो जंतूंचा ताप हाय."

"आन जंतू कुनी धाडले?"

सकाळी उठून बघतो तर पिशवीत पुस्तक नव्हतं. भीमाबाई पडवीच्या पायरीवर बसली होती. त्यानं विचारलं तेव्हा तिनं मान वर केली नाही. "सीना नदीच्या पुलावरनं खाली सोडलं. पानी न्हाई फारसं, पन वाहात जाईल."

गोरक्षनाथ ओरडला. त्याचा तो स्टँडवरचा आवाज दवाखान्यात कुणी ऐकला नव्हता. चटयांवरची माणसं उठून बसली, वॉचमन धावत आला. "काय समजतीस काय तू? एवढीच एक चीज हुती माझ्याजवळ! एवढीच! दुसरं काय ऱ्हायलं हुतं?" तो बोलत होता आणि बोलता बोलता त्याची नजर आईच्या पायांकडे गेली. सून बरी होईपर्यंत अनवाणी राहायचा नवस ती बोलली होती. पुलापर्यंत ती त्या खडबडीत डांबरावरून तशीच जाऊन आली होती. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, एक फुटला होता.

"मला दुसरं काय करता येतं रं?" भीमाबाई म्हणाली. "तूच सांग. मी काय डाक्टर हाय का नर्स हाय? सांग ना. मी काय करू?"

गोरक्षनाथ तिच्याजवळ पायरीवर बसला. इमामबीनं तांब्यातलं पाणी आणून भीमाबाईच्या पायांवर ओतलं आणि आपल्या ओढणीच्या टोकानं फोड टिपले.

अकराला तो आत गेला. रुपालीचे डोळे अर्धवट उघडे होते, बुबुळं वर गेली होती, ओठ सुकून सालपटं निघाली होती. त्याला वाटलं ती आता ऐकत नाही. तरी तो वाकून म्हणाला, "पुस्तक हरवलं रुपाली. चार प्रकरनं ऱ्हायली हुती. बंद करू का गोष्ट?"

बराच वेळ काही झालं नाही. मग पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

दोन. या वेळी अंतर नव्हतं.

आयुष्यात मनानं काही रचून सांगायची त्याला कधी गरज पडली नव्हती. चिमुटी आज कुणाची बरणी उघडते, काहीतरी तसलं सांगू, असं ठरवून त्यानं तोंड उघडलं आणि जीभ भलतीकडेच गेली. "त्या गावात एक बाई हुती. शिवनकाम करायची. एक दिवस तिचे पाय हलंनात. मंग हात हलंनात. दगडावानी पडून ऱ्हायली. समदे डाक्टर करून झाले. मंग लोक चिमुटीकडं गेले. म्हनले, पोरी, आता तूच. उठीव तिला."

इथे तो थांबला. पुढचं वाक्य सोपं होतं. चिमुटीनं चिमूटभर जादू टाकली अन् बाई उठली. गोष्टच तर होती. कोण विचारणार होतं? त्यानं पडद्याकडे पाहिलं, रुपालीच्या गळ्यातल्या नळीकडे पाहिलं. ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

"तिनं लई जोर लावला," तो म्हणाला. "पन तिला मोठं काय येत न्हाई रुपाली. तुला ठाव हाय. न्हाई जमलं तिला. ती रडली तिथंच बसून. म्हनली, मला न्हाई येत. मला माफ करा. मला लई भ्या वाटतंय." त्याचा आवाज फुटला. पहिल्यांदाच तो तिच्यासमोर रडत होता आणि ते लपवायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. "मंग तिनं बघितलं, तर त्या बाईचे पाय गार पडले हुते. तेवढं तिला येत हुतं. तिनं ते हातात धरले अन् गरम केले. दुसरं काय करता आलं न्हाई तिला."

चादरीवरून त्यानं रुपालीचे पाय दोन्ही हातांत धरले होते. एंजेला सिस्टर आल्या, घड्याळाकडे पाहिलं आणि पलीकडच्या पलंगाची सलाईन तपासायला निघून गेल्या. परत यायला त्यांनी बराच वेळ घेतला.

त्याच दुपारी वरून हाक आली ती इमामबीच्या नावाची होती. नबीलाल गेला. केडगावहून माणसं आली, कागद झाले, गाडी दाराशी लागली. इमामबी रडली नाही. ती इतकी हळू चालत होती की प्रत्येक पायरीवर तिला आपण कुठे निघालो आहोत हे आठवावं लागत असावं. तिची चटई तशीच राहिली होती. गोरक्षनाथ ती गुंडाळून मागे धावला.

"ठेव बाबा," ती म्हणाली. "तुला किती दिवस बसायचंय कुनाला ठाव. तुझी आई खाली फरशीवर झोपते."

गाडी गेली. भीमाबाईला त्यानं त्या चटईवर झोपवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. ते चार दिवस कसे गेले, हे नंतर त्याला नीट सांगता यायचं नाही. अकराला आणि पाचला तो आत जाऊन काहीबाही सांगायचा. चिमुटी केबिनीत बसून आहे. चिमुटी किटली घासते आहे. कधी कधी दहा मिनिटं चिमुटी नुसती खिडकीतून बाहेर बघायची. रुपालीच्या पापण्या कधी हलायच्या, कधी नाही. बाहेर आला की तो जिन्याखाली तोंड धुवायचा आणि पुन्हा भिंतीला टेकायचा. मेहुणा आला होता, तो समोर बसून असायचा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

पाचव्या दिवशी ताप शंभरावर आला. सहाव्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, नवीन औषध लागू पडलं. भीमाबाईनं अंगाऱ्याला हात जोडले. गोरक्षनाथनं कुणाशीच वाद घातला नाही.

त्यानंतर सगळं मुंगीच्या पावलानं झालं. मार्चच्या शेवटी डाव्या हाताचा अंगठा हलला. मग ओठ. एप्रिलच्या मध्याला श्वासाचं मशीन सुटलं, काही दिवसांनी गळ्यातली नळी निघाली. चौऱ्याहत्तराव्या दिवशी रुपाली चाकाच्या खुर्चीतून घरी आली. पाय अजून नुसते लोंबत होते, हात खांद्याच्या वर जात नव्हते, आवाज घोगरा आणि बारीक झाला होता. चालता येईल का, या प्रश्नाला डॉक्टर "बघू, वर्षभर व्यायाम करा" म्हणाले होते.

घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी कार्तिकी आईच्या खुर्चीला लगटून म्हणाली, "मम्मी, पप्पांनी तुला पूर्ण गोष्ट सांगितली ना? शेवटी चिमुटीचं काय झालं? माझं निम्मंच ऱ्हायलं."

रुपालीचा चेहरा उतरला. "ती गोष्ट नको आपल्या घरात," ती म्हणाली. "पुन्यांदा तिचं नाव काढू नका."

गोरक्षनाथ उठून बाहेर गेला. त्याला लागलं होतं. त्या चेटकिणीच्या आधारानं आपण दोघं त्या दिवसांतून पार झालो, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आता कळलं की आधार त्यालाच मिळत होता. तिला काय मिळत होतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

पोरगी शाळेत गेल्यावर रुपालीनंच त्याला हाक मारली. "रागावला का?"

"न्हाई."

"ते नाव ऐकलं की त्या मशीनचा आवाज कानात येतो ओ. टूक, टूक. घशात नळी असल्यावानी हुतं." ती दमून थांबली. एवढं बोलायला तिला दम लागत होता. "आन खरं सांगू? तुमी सांगायचा तवा बरं वाटायचं. दुसरं हुतंच काय तिथं. पन रागबी यायचा. वाटायचं, ह्यो मानूस मला पोरावानी भुलवतोय. मरायला लागले तरी कुनी खरं सांगंना. त्या पायाच्या दिवशी तेवढं तुमी खरं बोलला."

"पाय गरम झाले हुते?"

"काय कळलं न्हाई पायाला. तुमी रडलेलं कळलं."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. बाहेर पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता.

"आता समदं सांगा," रुपाली म्हणाली. "डाक्टर काय म्हनले हुते तवा? आत्याबाई इकडं कवा आल्या? दादाला कुनी बोलावलं? त्या दोन पलंगापल्याडच्या पोराचं काय झालं? एक दिवस पलंग मोकळा दिसला. कुनी सांगितलं न्हाई."

गोरक्षनाथनं सांगायला सुरुवात केली. नबीलालचं सांगितलं. इमामबीचं सांगितलं. "घरच्यांना कल्पना द्या" म्हणालेले डॉक्टर, खांद्यावरचा हात, सीनेचा पूल, आईच्या पायाचे फोड, सगळं सांगितलं. मेहुण्याला फोन का केला, तिथे तो अडखळला. रुपाली म्हणाली, "सांगा." त्यानं सांगितलं. तुझं शेवटचं बघायला बोलावलं होतं, म्हणाला. ती ऐकत राहिली. डोळे मिटले नाहीत.

मध्येच ती म्हणाली, "मानेला घाम आलाय. येनी घाला माझी."

"मला कुठं येती?"

"तीन भाग करा. सांगते मी."

आजारात तिचे केस गळून निम्मे झाले होते. त्यानं खुर्चीमागे उभं राहून तीन भाग केले. उजवा मधे, डावा मधे, असं ती घोगऱ्या आवाजात सांगत गेली. तिकिटं फाडून राठ झालेल्या त्याच्या बोटांतून केस सारखे निसटत होते. दोनदा सोडून पुन्हा घातली.

"कशी झाली?"

"वाकडी झाली."

"असू द्या," रुपाली म्हणाली. "दादा आला, मंग? पुढं काय झालं?"